नाव चिठ्ठीवरच द्या

मच्छिंद्र टेमकरचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावरून हलत नसे. नव्या माणसाला वाटायचं, गड्याच्या छातीत कळ येत असावी. तसं काही नव्हतं. खिशात मोबाईल असायचा आणि तो थरथरीवर ठेवलेला असायचा. वाजलेला कळत नव्हता, पण थरथरलेला छातीला कळायचा. कधी कधी तर फोन घरी खुंटीवरच्या पिशवीत असायचा आणि तरी ह्याची छाती थरथरायची. मग चालता चालता हा थांबायचा, खिसा चाचपायचा, पुन्हा चालायचा. तीन वर्षं झाली, माणूस सुखानं एका जागी बसला नव्हता.

करंजीच्या अलीकडं पाथर्डी रोड सोडून चार किलोमीटर आत गेलं की टेकाळवाडी लागते. तिथं मच्छिंद्रची चार एकर कोरडवाहू. पण आसपासच्या बारा गावांत त्याला लोक ओळखायचे ते दहाव्याच्या माईकमुळं.

आमच्या भागात माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या पत्र्याच्या शेडात सगळा गोतावळा जमतो. गुरुजी पिंड मांडतात, महाराज प्रवचन करतात, आणि प्रवचन संपल्यापासून कावळा पिंडाला शिवेपर्यंत जो वेळ जातो, त्यात श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, व्याही, मेहुणे. आधी कुणाला उठवायचं, कुणाला पाच मिनिटांत खाली बसवायचं, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं तर कोण पुढच्या तीन लग्नांना येणार नाही, हे सगळं माईकवाल्याला तोंडपाठ लागतं. मच्छिंद्रला ते होतं. पंचवीस वर्षं त्यानं हे काम केलं, एका नारळाशिवाय काही घेतलं नाही, आणि एकदाही कुणाच्या साडूला मेहुणा म्हटलं नाही.

त्या कामाची रीत अशी की मागून कुणीतरी येतं, माईकवाल्याच्या कानाशी लागतं आणि कुजबुजतं: "चिचोंडीचे पाव्हनं आल्यात, नाव घ्या." आणि मच्छिंद्रचे कान तर मळणी यंत्रावर तीस हंगाम काढून बसलेले. आधी उजवा गेला, मग डावा त्याच्या मागं निघाला. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, आतली शीर कामातून गेली, मशीन लावा. आरोग्य शिबिरात एक मशीन मिळालंही. ते घालून हा एका दहाव्याला उभा राहिला, तर माईकजवळ गेलं की ते मशीन शीळ घालायला लागलं. पिंडाला सगळे हात जोडून उभे आणि मध्येच बारीक शीळ. गुरुजींनी मान वर करून गर्दीकडं अशी नजर टाकली की चार टवाळ पोरं काही न करता खाली बघायला लागली. त्या दिवसापासून मशीन घरी, बायकोच्या, मुक्ताबाईच्या, शेवयांच्या डब्यात.

मग मच्छिंद्रनं एक नियम काढला. माईक हातात घेतला की पहिलं वाक्य: "ज्यांना श्रद्धांजली वाहायची आहे त्यांनी नाव चिठ्ठीवरच द्यावं. तोंडी नाव घेतलं जाणार नाही. कृपया शिस्त पाळा." लोकांनी पाळली. म्हाताऱ्या माणसांना तर नियम आवडला. मच्छिंद्रला वाटलं, आपण जिंकलो.

माईकवर तो जिंकला, बाकी जागी हरत होता. कुणी समोर येऊन बोललं की ओठ बघून तो अंदाज बांधायचा, आणि अंदाज नाही लागला की म्हणायचा, "व्हय." दहातल्या सात वेळा "व्हय" चालून जातं. मागच्या उन्हाळ्यात हॉटेलात अंगदनं, मंडप-स्पीकरवाल्या अंगदनं, चहा पिता पिता त्याला विचारलं, "आण्णा, येडे झालात का काय?" मच्छिंद्र म्हणाला, "व्हय व्हय. मजेत." सगळं हॉटेल हसलं. मच्छिंद्रही हसला. घरी येऊन मुक्ताबाईला विचारलं, काय म्हणाला गं तो, तर ती भाकरी थापायची थांबली नाही आणि काही बोललीही नाही. त्यावरून त्याला कळलं. तेव्हापासून हॉटेलात जाणं कमी झालं. लग्नात जेवून लगेच निघणं सुरू झालं. राहिला होता तो दहाव्याचा माईक. तेवढ्या दीड तासात सगळे याच्याकडं बघत असायचे आणि बोलायचं याला असायचं. ऐकायचं नसायचं.

तर येत्या रविवारी कल्याणतात्यांचा दहावा होता. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं खटल्याचं घर. हजार-दीड हजार माणूस येणार. तात्यांचा पोरगा सूर्यभान पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "आण्णा, माईक तुमच्याकडं." मच्छिंद्र पाहुण्यांची यादी जुळवत होता. आणि बुधवारी दुपारी गोठ्यात असताना त्याची छाती थरथरली.

फोनवर मोनिका होती. बिभीषण दानवेची सून. बिभीषण म्हणजे मच्छिंद्रचा शाळेपासूनचा दोस्त. एसटीत ड्रायव्हर झाला, केडगावला राहिला, घरातल्यांचा नाना झाला. दिवाळीत त्याचं छातीचं ऑपरेशन झालं होतं, आणि भेटायला जायचं जायचं म्हणत मच्छिंद्र गेला नव्हता. जाऊन काय, दवाखान्यात सगळे हळूच बोलतात.

मच्छिंद्रनं फोन स्पीकरवर टाकला, आवाज होता तेवढा वाढवला आणि डाव्या कानात रुतवला. पोरीचा आवाज बसलेला. तुकडे येत होते.

"काका... नानांची... शांती... शुक्रवारी सकाळी... सावडायला... गावात सगळ्यांना कळवा..."

मच्छिंद्र शेणाच्या पाटीवर तसाच टेकला. "बरं पोरी," तो म्हणाला. "धीर धर. आमी हाय."

ती आणखी काहीतरी म्हणाली, त्यावर तो "व्हय" म्हणाला. फोन बंद झाला.

त्यानं मोबाईलमध्ये बघितलं. बिभीषणच्या नंबरावरून न उचललेले तीन फोन. दोन काल संध्याकाळचे, एक आज सकाळी सातचा. काल संध्याकाळी फोन चार्जिंगला होता. आज सकाळी आंघोळीच्या वेळी खुंटीवर. मच्छिंद्रनं बोटांवर मोजलं. सावडणं तिसऱ्या दिवशी; शुक्रवारी सावडायचं, म्हणजे आज पहिला दिवस. म्हणजे माती आज सकाळीच झाली. पोरानं बापाच्या फोनवरून तीनदा बोलावलं, आणि हा इथं शेण भरत होता.

आता इथं कुणीही केलं असतं ते एकच: परत फोन लावायचा, कधी गेला, कसा गेला, विचारायचं. मच्छिंद्रनं दोनदा नंबर काढला आणि दोनदा बंद केला. विचारलं की पोरगं म्हणणार, काका, तीनदा लावला, तुम्ही उचलला नाही. त्यावर काय सांगायचं? आणि सांगितलंच, तर ते जे काय बोलेल ते ऐकू कुठं येणार? दोस्ताच्या मातीला आपण नव्हतो, एवढं एकच डोक्यात गरगरत होतं. बसवेना म्हणून तो गोठ्यातून अंगणात आला, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत गोठ्यात. मग त्याला येत होतं ते त्यानं केलं. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं:

"कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या गावचे सुपुत्र, निवृत्त एसटी चालक कै. बिभीषण दानवे यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. सावडण्याचा विधी शुक्रवारी सकाळी केडगाव येथे होईल. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

मुक्ताबाई वाचून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. "आसं कसं एकाएकी? कुनाला इचारलं का तुमी?"

"सुनेचा फोन आल्ता."

"एकदा पोराला लावा की."

"त्याला आता काय सुचत आसंल? बावळटासारखं काय इचारू?"

गावात कुणी शंका घेतली नाही. मच्छिंद्रआण्णानं टाकलं म्हणजे मरण पक्कं. दहा मिनिटांत साठ जणांनी हात जोडले. अंगदनं कुठल्याशा लग्नातला बिभीषणचा फोटो कापून, त्याला हार घालून, खाली दोन समया लावून पाठवला. "एसटीचा देवमाणूस हरपला." सरपंचानं लिहिलं, गावाची न भरून येणारी हानी. हात जोडलेले एकशे चाळीस झाले.

चार वाजता ग्रुपवर मजकूर आला, स्वतः बिभीषणच्या नंबरावरून:

"मी बिभीषण. मी जिवंत आहे. सावेडीला नवीन फ्लॅट घेतला आहे. शुक्रवारी वास्तुशांत आहे. सर्वांनी जेवायला यावे. फोटो चांगला निवडला."

त्याच्याखालीसुद्धा चौघांनी न वाचता भावपूर्ण श्रद्धांजली टाकली.

मच्छिंद्रनं तो मजकूर तीनदा वाचला. सावडायला. सावेडीला. घराची शांती. त्यानं दोन्ही शब्द तोंडातल्या तोंडात म्हणून बघितले. ओठ सारखेच हलत होते. मुक्ताबाई पदर तोंडात धरून हसत होती, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्याच्याकडं बघून ती एकदम गप झाली.

---

गुरुवारी सकाळी घरी राहवलं नाही म्हणून तो हॉटेलात गेला, आणि गेला तिथंच चुकला.

"आण्णा," अंगद मुद्दाम समोर येऊन, तोंड मोठं करून म्हणाला, "आमचं कवा टाकताय? नवा फोटो काढून ठिवतो."

"रेंज न्हवती," मच्छिंद्र म्हणाला. "पोरीचा आवाज तुटत हुता."

"व्हय व्हय," अंगद म्हणाला, आणि त्या दोन शब्दांवर सगळे हसले. चहा अर्धा टाकून मच्छिंद्र उठला. तुरीच्या वावरात गेला, बांधावर बसला, उठला, दुसऱ्या बांधावर बसला. खिशावर हात ठेवला. कोणी फोन करत नव्हतं, तरी छाती थरथरत होती.

संध्याकाळी सूर्यभान आला. मच्छिंद्र शेळ्यांना पाला टाकत होता. सूर्यभान दारात उभा राहिला, पाठीमागं उतरता सूर्य, त्यामुळं त्याचं तोंड काळं दिसत होतं आणि ओठ दिसत नव्हते. तो बराच वेळ बोलला. मध्ये एकदा त्यानं कपाळ खाजवलं. रविवारच्या तयारीचं काहीतरी असणार असं धरून मच्छिंद्र म्हणाला, "व्हय. व्हय. तसंच करू." सूर्यभान जरा घुटमळला, हात जोडले आणि गेला.

मुक्ताबाई ओट्यावर कांदा चिरत होती. ती विळी बाजूला सारून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. काही महत्त्वाचं असलं की ती अशीच समोर यायची.

"कळलं का तो काय म्हनला?"

"तयारीचं."

"ऐतवारी माईक अंगद धरनार. 'लोकं हसतील, तात्याच्या दहाव्याला हसू नको' म्हनला. 'तुमी पुढं बसा मानानं' म्हनला. आन तुमी म्हनलात, तसंच करू."

मच्छिंद्रच्या हातातला पाला तसाच राहिला. शेळीनं मान उंच करून तो ओढून घेतला.

"मग तू का न्हाई बोललीस?"

"तुमी व्हय म्हनल्यावर मी काय बोलू? आन कितींदा बोलू? तीन वर्सं मी तुमच्या व्हय-न्हाईच्या मागं सारवत चालले." ती परत विळीकडं गेली. जाता जाता म्हणाली ते त्याला ऐकू गेलं नाही. मग आपणच मागं वळून पुन्हा म्हणाली, "उद्या सावेडीला जावा. गडी मेला न्हाई, म्हनून तरी भेटून या."

सकाळी त्याच्या टोपीशेजारी तिनं शेवयांच्या डब्यातलं मशीन काढून ठेवलं होतं. त्यानं ते उचलून खिशात टाकलं, मोबाईलच्या विरुद्ध बाजूच्या.

---

एसटीनं नगर, माळीवाड्यावरून रिक्षानं सावेडी. पाइपलाइन रोडला उतरून विचारत विचारत बिल्डिंग सापडली. दाराला झेंडूचं तोरण, खाली चपलांचा ढीग. मच्छिंद्र बिल्डिंगपुढून चालत गेला तो पार चौकापर्यंत. परत आला. परत पुढं गेला. वर जाऊन सांगायचं काय? रेंज नव्हती हे सांगून झालं होतं. तिसऱ्या फेरीला वॉचमन खुर्चीतून उठला.

"कोणाकडं जायचंय?"

"व्हय," मच्छिंद्र म्हणाला.

"अहो, कोणाकडं?"

"व्हय, व्हय."

वॉचमननं त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. तेवढ्यात मच्छिंद्रच्या पाठीवर दोन टिचक्या बसल्या, टक टक. वळून बघतो तर बिभीषण. नवं धोतर, कपाळाला कुंकू, ऑपरेशननं थोडा वाळलेला, बाकी धडधाकट.

"कवाचा हाका मारतोय वरून," बिभीषण म्हणाला. "अख्ख्या कॉलनीनं वर बघितलं. तू न्हाई."

त्यानं मच्छिंद्रला दंडाला धरून पार्किंगमध्ये नेलं आणि आपल्या स्कुटरपाशी समोरासमोर उभं केलं.

"तीन फोन केले तुला. मंगळवारी दोन, बुधवारी एक. पैलं आवतान तुलाच द्यायचं हुतं. म्हनलं, मी फ्लॅट घेतला म्हनून रुसला का काय गडी."

"चार्जिंगला हुता फोन."

"चार्जिंगला. आन पोळ्याला पारावर माझ्या शेजारी बसून तासभर दुसरीकडं बघत हुतास, तवा तूबी चार्जिंगलाच हुतास का? दवाखान्यात आला न्हाईस. माझी बायको म्हनायची, मच्छिंद्र भाऊजीला गर्व झाला. गावभर माईक घेऊन फिरतो ना."

मच्छिंद्रला हे सगळं ऐकू आलं नाही, पण "गर्व" हा शब्द ओठांवर स्पष्ट दिसला. त्याला वाटलं, निघून जावं. पाय निघालेही होते. मग तो स्कुटरच्या सीटवर हात आपटून म्हणाला, "मला ऐकू येत न्हाई, बिभ्या. कानच गेल्यात. मोनिकाचा एक शबूद मला नीट कळला न्हाई. आन तुझ्या मातीला मी न्हवतो, ह्या लाजंनं मी परत फोन केला न्हाई."

बिभीषणनं त्याचा आपटलेला हात सीटवरून उचलला. मग म्हणाला, "म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"तुला ऐकू येत न्हाई ते. तुझ्या तोंडून यावं म्हनून टोचत हुतो. बायकोला कळलं न्हाई, पन गावाला म्हाईत हाय. लोकं दोन वर्सं झाली चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात नाव लिवत्यात, ते काय शिस्त म्हनून? ऐकू न येनाऱ्याला दिसायलाबी कमीच आसंल, आसं वाटतं त्यांना."

"मग मला कुनी सांगितलं का न्हाई?"

"मी सांगितलं. पोळ्याला. तुला ऐकू गेलं न्हाई."

वॉचमन लांबून बघत होता. दोन म्हातारी माणसं, एक कपाळाला कुंकू लावलेला, एक टोपी हातात घेऊन, स्कुटरपाशी समोरासमोर उभे.

"त्या अंगद्यानं येडा म्हनलं, तवा तूबी हुतास?" मच्छिंद्रनं विचारलं.

"हुतो. हसलोबी. तूच हसलास, मग आमाला काय?" बिभीषण म्हणाला. "हसायला नको हुतं. पन आता हसलो तर हसलो. कालच्या राती सूर्यभानचा फोन आला मला. म्हनला, नाना, तुमी जिवंत हाय ते बरं झालं. आण्णाला सांगितलंय माईक सोडा म्हनून, ते व्हय म्हनले, पन त्यान्ला कळलं का न्हाई कुनास ठाऊक. तुझ्या व्हयला गावात आता कोन धरत न्हाई, मच्छिंद्र."

"कळलं मला. मुक्तानं सांगितलं."

"मग काय करनार?"

"पुढं बसनार मानानं," मच्छिंद्र म्हणाला आणि टोपी डोक्यावर घालून पुन्हा काढली.

बिभीषण स्कुटरला टेकला. "ऐक. म्हंजी बघ माझ्याकडं. तीस वर्सं मी गाडी चालवली. माझ्या मागं पन्नास-पंचावन्न मानसं. इंजनाच्या आवाजात मला त्यातल्या एकाचंबी बोलनं ऐकू येत न्हवतं. मागं वळून बघायचीबी सोय न्हाई. कुनाला चुकीच्या जागी उतरवलं का मी? कंडक्टर हुता. एक घंटी दिली, थांब. दोन दिल्या, चालू दे. एवढ्यावर पाथर्डी-पुने केलं." त्यानं मच्छिंद्रच्या पाठीवर टिचकी मारून दाखवली. "ऐतवारी मी तुझ्या मागं उभा ऱ्हातो. बोलनाऱ्याचं संपलं, एक. पुढचं घे, दोन. नावं चिठ्ठीवर येतीलच."

"सूर्यभान देईल का माईक?"

"सूर्यभानचं मी बघतो. पन एक हाय. माईक घेतला की आदी सांगायचं, मला ऐकू येत न्हाई म्हनून. तुझ्या लपवालपवीत मी उभा ऱ्हानार न्हाई. लई काम हाय ते, तुझं तुलाच झेपंना."

वर जेवायला बसल्यावर त्यानं खिशातलं मशीन काढून कानात बसवलं. तीस ताटांचा, वाट्यांचा, पळ्यांचा, पोरांचा, मिक्सरचा आवाज एकदम डोक्यात शिरला; मळणी यंत्रात तोंड घातल्यासारखं झालं. त्यातून मोनिका वाकून म्हणाली, "काका, सॉरी, माझा घसा बसला होता," हे मात्र त्याला सगळंच्या सगळं ऐकू आलं. श्रीखंड संपेपर्यंत त्यानं मशीन कानात ठेवलं, मग काढलं.

---

रविवारी पहाटेच तो तयार होऊन बसला. सांगायचं का नाही, ह्यावर शनिवारभर त्याचं डोकं लाटेसारखं इकडून तिकडं झालं होतं. गावाला माहीत असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं, तेही माईकवर, बारा गावच्या माणसांपुढं सांगणं वेगळं. मुक्ताबाईनं विचारलं, "सांगनार का?" तर म्हणाला, "बघू." घरातून शेडापर्यंत पाच मिनिटांची वाट, तो वाटेत दोनदा थांबला.

बिभीषण नगरहून पहिल्या गाडीनं आला होता. लोक त्याला हात लावून बघत होते. त्यानं सूर्यभानला बाजूला घेतलं आणि चांगलं मोठ्यानं म्हणाला, "पोरा, मी बुधवारी मेलोय. गावानं हार घातलाय. मेलेल्याची इच्छा मागं ठिवायची नसती. माईक मच्छिंद्रला दे."

सूर्यभानला हसू आलं आणि बापाचा दहावा म्हणून त्यानं ते गिळलं. त्यानं अंगदकडं बघितलं. अंगदनं खांदे उडवले आणि माईक मच्छिंद्रच्या हातात दिला. "धरा. आवाज मी वाढवून ठिवलाय," तो म्हणाला. हे टोमणा म्हणून की काय, त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

प्रवचन संपलं. दीड हजार माणूस. मच्छिंद्र उभा राहिला. नेहमीचं वाक्य तोंडावर आलं: नाव चिठ्ठीवरच द्यावं, शिस्त पाळा. ते बाहेर पडायच्या आत पाठीवर दोन टिचक्या पडल्या. चालू दे.

"ज्यांना श्रद्धांजली वाहायची त्यांनी नाव चिठ्ठीवर द्यावं," तो म्हणाला. मग थांबला. "शिस्त म्हणून नाही. मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. कुणाला मी उत्तर दिलं नसंल, तर ते ह्याच्यामुळं."

त्यानं गर्दीवरून नजर फिरवली. पुढच्या रांगेतला चेअरमन तंबाखू मळत होता, तो मळत राहिला. बायकांच्या बाजूला एक म्हातारी चपला बुडाखाली घालून बसत होती, ती तशीच बसली. अंगदनं स्पीकरचं तोंड जरा डावीकडं वळवलं. कुणी कुणाला कोपर मारलं नाही. तीन वर्षं जे छातीशी धरून पळालो, ते एवढ्या माणसांत सांगितलं आणि कुणी मानसुद्धा वर केली नाही, ह्याचा मच्छिंद्रला चक्क रागच आला. फक्त मुक्ताबाईनं पदर सारखा केला.

मग काम सुरू झालं. चिठ्ठ्या आल्या, ताटलीएवढ्या अक्षरांत. सरपंच बोलला, एक टिचकी, दोन टिचक्या. व्याही बोलले. चेअरमन बोलायला लागला की उतरत नाही हे सगळ्यांना माहीत; बिभीषणनं स्वतःच्या अधिकारात लवकर एक टिचकी दिली आणि मच्छिंद्रनं त्याच्या हातातून माईक काढून घेतला. लोकांना बरं वाटलं.

शेवटी मच्छिंद्र स्वतः तात्यांवर बोलायला लागला. पिंडांकडं त्याची पाठ होती. कल्याणतात्यांनी गावाची पहिली टाकी कशी उभी केली, पहिल्या दिवशी नळाला पाण्याऐवजी पाल कशी आली, हे तो रंगात येऊन सांगत होता, आणि पाठीवर एक टिचकी पडली.

रंगात होता, थांबला नाही. बिभीषणनं पुन्हा एक मारली.

एक आणि एक दोन. मच्छिंद्रनं ते चालू दे असं धरलं आणि तात्यांच्या दुसऱ्या निवडणुकीकडं वळला. माणसं भराभर उठून उभी राहिली. तात्यांच्या मानाला उठले, असं समजून त्यानं आवाज आणखी चढवला. बिभीषणनं पुन्हा टिचकी मारली, मग वैतागून आणखी एक. म्हणजे पुन्हा चालू दे. शेवटी त्यानं मच्छिंद्रचा सदरा मागून धरून असा ओढला की वरचं बटण तुटून गुरुजींच्या तांब्यात पडलं. ही घंटी ठरलेली नव्हती.

मच्छिंद्र मागं वळला. सगळ्यात कडेच्या पिंडावर कावळा बसून भात खात होता. बराच वेळचा बसला असावा. अर्धा संपवला होता.

माईक तोंडापुढंच होता. "शिवला का?" मच्छिंद्रनं विचारलं, आणि ते चारी स्पीकरांवर गावभर गेलं.

अख्खा शेड म्हणाला, "व्हय."

हा शब्द त्याला शंभर फुटांवरूनही वाचता यायचा.